समुद्राची पाऊणकी

परवा रात्री भाचीचा फोन आला. ती न्यू जर्सीला असते. तिकडे तेव्हा सकाळ, त्यामुळे तिच्या आवाजात उत्साह आणि माझ्या आवाजात झोप. "मावशी, डिसेंबरअखेर येतोय आम्ही. चार दिवस तुझ्याकडे राहणार. मुलांना बीचवर न्यायचंय. तुमच्या राईजवळ बीच ॲक्टिव्हिटीज काय काय आहेत ग? एक लिस्ट करून ठेव ना."

मी "हो हो, करते" म्हणाले आणि फोन ठेवून हसत बसले. आमच्याकडे समुद्रावर चालणाऱ्या ॲक्टिव्हिटीज म्हणजे जाळी सांधणे, होडीला डांबर लावणे आणि बोंबील वाळत घालणे. पॅराशूटला लटकून उडायचं असेल किंवा पाण्याखाली जाऊन मासे बघायचे असतील तर सरळ मालवण-तारकर्लीची गाडी धरावी. पण मुलगी इतक्या लांबून येणार, लिस्ट तर करायला हवी. म्हणून काल दुपारी वही घेऊन बसले. लिहिता लिहिता लिस्ट राहिली बाजूला आणि सत्तेचाळीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट समोर येऊन बसली. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. अगदी आमच्या ह्यांनासुद्धा नाही. आज लिहिते आहे, कारण आता नाही लिहिली तर राहूनच जाईल.

पण आधी लिस्ट. मास्तरीण आहे, दिलेलं काम आधी पूर्ण करते.

ज्यांनी आमची राई पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. भाईंदर स्टेशनला पश्चिमेला उतरायचं आणि उत्तनच्या बसमध्ये बसायचं. मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी आणि मग उत्तन, अशी ही गावं एका रस्त्यावर माळेतल्या मण्यांसारखी ओवलेली आहेत. कागदोपत्री आम्ही मीरा-भाईंदर महानगरपालिकेत राहतो (ही महानगरपालिका २००२ साली झाली), पण बसमध्ये अजूनही कुणाच्या घरी लग्न आहे आणि कुणाची सून बाळंत झाली हे कळतं. भाईंदरच्या खाडीपासून खाली मनोरीपर्यंतच्या या जमिनीच्या पट्टीला जुन्या काळी धारावी बेट म्हणत. मुंबईतल्या त्या धारावीशी याचा संबंध नाही. पाहुण्यांना हे दर वेळी समजावून सांगावं लागतं!

राईत बघण्यासारखं काय, तर मिठागरं. आगर म्हणजे मिठाचं शेत, आणि त्यावरून आगरी. १९७५ साली मी या भागात नोकरीला आले तेव्हा रस्त्याच्या कडेने उन्हाळ्यात पांढरेशुभ्र ढीग असायचे. मी सातारकडची, घाटावरची. पहिल्यांदा ते ढीग पाहिले तेव्हा मला वाटलं चुनाच ठेवलाय. आता बरीचशी मिठागरं मोडली, बांध फुटले, त्यात तिवरं उगवली. तरी हिवाळ्यात सकाळी बांधावरून चालत गेलं की पाण्यात पाय रोवून उभे असलेले बगळे दिसतात. बांधाला एक लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. भरतीचं पाणी आत घ्यायचं की नाही ते या दारावर ठरतं. हे दार लक्षात ठेवा, पुढे काम आहे.

मग उत्तन. इथला किनारा सिनेमातल्यासारखा नाही. काळे खडक आहेत, मध्येमध्ये वाळू, आणि ऑक्टोबरपासून पुढे जिकडेतिकडे बांबूचे मांडव. त्यावर बोंबील वाळत घातलेले असतात. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि अशी जोडी दांडीवर टाकायची, एक या बाजूला, एक त्या बाजूला. दोरा नाही, खिळा नाही. मुलांना हे बघायला फार आवडतं. वासाचं मात्र आधी सांगून ठेवलेलं बरं. हे बोंबील मिळतात डोलीच्या जाळ्यात. मोठ्या पिशवीसारखं हे जाळं पाण्यात रोवून ठेवायचं, त्याचं तोंड प्रवाहाकडे. भरती-ओहोटीची ओढच मासा आत ढकलते. कोळी फक्त वेळ साधतो.

उत्तनला समुद्राजवळच वेलंकणी मातेचं देऊळ (चर्चला आमच्याकडे सगळे देऊळच म्हणतात) आहे. ८ सप्टेंबरच्या सणाला तिथे सगळ्या धर्मांची माणसं येतात. तिथून पुढे चौक. चौकला टेकडीवर धारावीच्या किल्ल्याचे थोडे अवशेष आहेत आणि चिमाजी अप्पांचं स्मारक आहे. दगड फारसे उरलेले नाहीत, पण उभं राहून उत्तरेकडे पाहिलं की खाडीपलीकडे वसईचा किल्ला दिसतो. मे १७३९ मध्ये वसई पडली. त्याआधी मराठ्यांना हे अलीकडचं धारावी बेट घ्यावंच लागलं होतं, कारण खाडीच्या तोंडावर जो बसेल त्याच्या हातात वसईत समुद्रातून येणारी मदत. इतिहासाच्या पुस्तकात हे वाक्य दहा वेळा वाचून मुलांच्या डोक्यात शिरत नाही. चौकला वारा अंगावर घेत उभं राहिलं की दोन मिनिटांत शिरतं. पूर्वी वसईला जायचं तर लोकलने नायगाव-वसई, किंवा मोटारीने घोडबंदरचा वळसा. आता फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर ते वसई रो-रो बोट सुरू झाली आहे. मोटारीसकट माणूस पलीकडे जातो. भाचीच्या मुलांना ही बोट नक्की दाखवणार.

दक्षिणेकडे गोराई. तिथला किनारा सपाट आणि लांबरुंद, संध्याकाळी घोड्यावर बसायला मिळतं. जवळच विपश्यना पगोडा आहे, २००९ साली राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. आत एकही खांब नाही आणि आठ हजार माणसं एकाच वेळी ध्यानाला बसू शकतात. मी एकदा गेले होते. इतकी शांतता की माझ्याच गुडघ्याचा आवाज मला ऐकू आला! भाची लहानपणी ज्या एस्सेल वर्ल्डसाठी रडायची, ते १९८९ ला सुरू झालेलं एस्सेल वर्ल्ड मात्र २०२२ मध्ये बंद झालं. हे तिला अजून सांगितलेलं नाही.

झाली लिस्ट. पण वहीच्या पानावर या सगळ्यांच्या वर, एक नंबरवर मी काय लिहिलं असेल? "पंचांग बघणे." त्याचीच ही गोष्ट.

१९७८ चा डिसेंबर. मी सातवीची वर्गशिक्षिका. तेव्हा माझं वय सत्तावीस, मूलबाळ नव्हतं, अंगात भलताच उत्साह. मराठीच्या पुस्तकात समुद्रावरचा धडा होता आणि मी मुलांना विचारलं, समुद्र कुणी कुणी पाहिलाय? वर्गातले अर्धेअधिक हात खालीच. भाईंदरची मुलं, समुद्र तासाभराच्या अंतरावर, आणि समुद्र पाहिलेला नाही! मी स्वतः कॉलेज संपेपर्यंत समुद्र पाहिला नव्हता, ती सल मनात होतीच. मी लगेच उत्तनची सहल ठरवली. अडतीस मुलं, मी आणि एक शिपाईमामा.

त्या दिवशी संकष्टी होती. हे पक्कं आठवतं, कारण मुलांनी डबे उघडले आणि माझ्या डब्यात उपासाचे दाणे-गूळ होते. सकाळी साडेनऊला आम्ही किनाऱ्यावर पोचलो. पाणी खूप लांब गेलेलं. काळे खडक उघडे पडलेले, त्यांच्या मधल्या डबक्यांत लहान लहान मासे, खेकडे, खडकाला चिकटलेली कालवं. मुलं वेडी झाली. मी म्हटलं, जा, शिंपले गोळा करा, परत आल्यावर निबंध लिहायचाय. मला वाटलं, बरं झालं, समुद्र आज शांत आहे. समुद्र मागे गेलाय म्हणजे तो मागेच राहणार, इतकं माझं ज्ञान. आमच्या गावची नदी एकदा ओसरली की पुढच्या पावसापर्यंत परत येत नाही!

पावणेबाराच्या सुमारास मी दगडावर बसून हजेरीपट तपासत होते. मागून एक आवाज आला. बोंबील वाळत घालणारी एक कोळीण हातातली टोपली टाकून ओरडत होती, "ए बाय, पोरांना वर बोलव! पानी भरतंय!"

मी मान वर केली. लाटा काही मोठ्या आलेल्या नव्हत्या. गडबड नाही, गर्जना नाही. फक्त जिथे मघाशी वाळू होती तिथे पाणी होतं. आणि ते समोरून आलेलं नव्हतं, खडकांच्या बाजूने वळसा घालून मुलांच्या मागे येऊन भरलेलं होतं. मुलं ज्या खडकांवर होती ते अजून कोरडेच होते. म्हणून त्यांनाही कळलं नाही.

मी धावले, शिट्टी वाजवली. मुलं पोटरीभर पाण्यातून, मग गुडघाभर पाण्यातून ओरडत, हसत आली. त्यांना गंमत वाटत होती. मी मोजत होते. तीन वेळा मोजले. सदतीस. सदतीस. सदतीस.

हजेरीपटावरचा एकोणतीस नंबर नव्हता. (नाव लिहीत नाही. तो आता आजोबा आहे.) तो सगळ्यात लांबच्या खडकावर उभा होता. हातात शिंपल्यांनी भरलेला रुमाल. त्याच्या आणि आमच्या मध्ये पाण्याचा पट्टा, आणि त्या पट्ट्यातलं पाणी नदीसारखं वाहत होतं. मला पोहता येत नव्हतं. शिपाईमामांनाही नाही. मी कमरेपर्यंत पाण्यात गेले आणि पायाखालची वाळू सरकायला लागली. त्या क्षणी मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही.

त्या कोळणीचा मुलगा दोर घेऊन धावत आला. दोराचं एक टोक त्याने होडीच्या खुंटाला बांधलं, दुसरं कमरेला. सरळ मुलाच्या दिशेने न जाता तो बराच वरच्या बाजूने पाण्यात शिरला आणि प्रवाहाने त्याला बरोबर त्या खडकाशी नेऊन सोडलं. मुलाला खांद्यावर घेतलं, दोराला धरून परत आला. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील. मुलाचा एकच शब्द: "बाई, रुमाल सुटला."

आता खरी गोष्ट.

मुलं डबे खायला बसली. त्याचे कपडे वाळत घातले. माझे हात थरथरत होते. मी सगळ्या वर्गाला गोल बसवलं आणि म्हटलं, "हे बघा, आज जे झालं ते घरी सांगू नका. सांगितलं तर आईवडील पुन्हा कधी सहलीला पाठवणार नाहीत." एकोणतीस नंबरला जवळ घेतलं आणि त्यालाही तेच सांगितलं. अडतीस मुलांनी माना हलवल्या. त्यांचा माझ्यावर विश्वास होता हो! शाळेत आल्यावर सहलीच्या वहीत मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं, "सहल आनंदात पार पडली."

एकाही मुलाने सांगितलं नाही. आजकालच्या मुलांबद्दल आपण बोलतो, पण मुलांना गप्प बसायला शिकवतं कोण? त्या दिवशी तरी मीच शिकवलं.

पुढच्या आठवड्यात मी एकटी उत्तनला गेले. त्या मावशींसाठी नारळ आणि पेढे घेऊन. त्यांनी पेढे घेतले, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "बाय, तू मास्तरीण ना? मग तुला तिथ मोजता येत नाय?" मी म्हटलं, येते की. "त्या दिवशी काय होतं?" मी म्हटलं, संकष्टी. "मग? चवथीला तीनला पानी पुरं भरतं. नवाला सुकती. तू साडेनवाला आलीस, म्हंजे पानी फिरलंच होतं."

मी घरी येताना बसमध्ये विचार करत होते (मांडीवर मावशींनी दिलेली सुक्या बोंबलाची पिशवी, मी शाकाहारी, आणि अख्खी बस माझ्याकडे बघतेय!). चौथ, तीन वाजता. त्यांनी आणखी सांगितलं होतं, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. चारला तीन. आठाला सहा. बाराला नऊ. आणि मला एकदम आजोबांच्या ओसरीवरची संध्याकाळ आठवली. आम्हा भावंडांना ते पावकी, निमकी, पाऊणकी म्हणायला लावत. चार पाऊण तीन. आठ पाऊण सहा. बारा पाऊण नऊ. ही तर पाऊणकी! तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ. पुढे कळलं की कोकणात हा हिशेब जुनाच आहे. मला तो त्या दिवशी बसमध्ये सापडला इतकंच.

सोपा आहे, लिहून ठेवा. शुद्ध असो की वद्य, तिथीचा आकडा घ्या, पाऊणपट करा. तेवढ्या वाजता पूर्ण भरती. दिवसा एकदा, रात्री एकदा. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. दशमी असेल तर साडेसात. एकादशीला सव्वाआठ. चंद्र रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच उशिरा. मिनिटाचा हिशेब नाही हा, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि जागा बदलली की वेळही बदलते. आपल्या मुंबई-वसईच्या किनाऱ्याला चालतो. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण, पाणी खूप वर येतं आणि खूप लांब जातं. मिठागरवाले तेव्हाच उघाडी उघडत. अष्टमीच्या सुमारास भांग, पाणी वर-खाली कमी होतं.

आणखी एक गोष्ट मी पुढे पुस्तकातून शिकले. भरतीचे सहा तास धरले तर पाणी दर तासाला सारखं चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग करा. पहिल्या तासाला एक भाग, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला तीन, पाचव्याला दोन, सहाव्याला एक. म्हणजे चार मीटरची भरती असेल तर तिसऱ्या तासात एक मीटर आणि चौथ्या तासात आणखी एक मीटर. सहावी-सातवीच्या मुलाची छाती किती उंचीवर असते? नवाला ओहोटी संपली. पहिले दोन तास पाणी चोरपावलांनी आलं. अकरा ते एक या वेळात ते धावत आलं. आणि मी त्याच वेळी हजेरीपट तपासत होते.

मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? मी पंचांग रोज बघत होते. चतुर्थी कधी, चंद्रोदय किती वाजता, हे मला पाठ होतं. त्या चंद्राच्या नावाने दिवसभर उपाशी होते. उपास कळत होता, चंद्र कळत नव्हता.

त्यानंतर १९७९ पासून निवृत्त होईपर्यंत दर वर्षी मी सातवीला पाऊणकी शिकवली. मराठीच्या तासाला! गणिताचे सर हसायचे. सहलीच्या आधी मुलं फळ्यावर तिथी लिहायची, गुणाकार करायची, किती वाजता जायचं आणि किती वाजता पाण्यातून बाहेर यायचं हे मुलंच ठरवायची. कितीतरी मुलं आज भेटली की "बाई, आठ पाऊण सहा" म्हणून हात जोडतात. मला भारी अभिमान होता या गोष्टीचा.

तीनेक वर्षांपूर्वी भाईंदरच्या भाजीबाजारात एका गृहस्थांनी वाकून नमस्कार केला. केस पांढरे, हाताला धरून सात-आठ वर्षांचा नातू. "बाई, ओळखलंत? एकोणतीस नंबर." मी ओळखलं. त्याने ओळख करून दिली, चौकशी केली. मी नातवाला विचारलं, काय रे, आजोबा समुद्रावर नेतात की नाही? मुलगा म्हणाला, "नाही. आजोबांना आवडत नाही."

तो हसला. मग सहज म्हणावं तसं म्हणाला, "त्या दिवसानंतर मी समुद्रात पाय घातला नाही बाई. मुलांनाही कधी नेलं नाही. बायको विचारायची, का? काय सांगणार! तुम्ही सांगू नका म्हणाला होतात."

मेथीची जुडी हातात घेऊन मी तशीच उभी राहिले.

घरी आल्यावर विचार करत बसले तेव्हा ध्यानात आलं. मी दर वर्षी नव्या सातवीला पाऊणकी शिकवली. पण १९७८ च्या त्या वर्गाला नाही. त्यांच्यासमोर समुद्राचा विषयच मी पुन्हा काढला नाही. विषय निघाला तर कुणी काही बोलेल, शाळेत कळेल, ही भीती. ज्यांना तो हिशेब सगळ्यात जास्त हवा होता, ज्यांनी पाणी डोळ्यांनी पाहिलं होतं, नेमक्या त्यांनाच मी सांगितलं नाही की ते पाणी का आलं. त्याच्या मनात समुद्र तसाच राहिला, न सांगता मागून येणारा. पाऊणकी ठाऊक असती तर निदान इतकं कळलं असतं की समुद्र फसवत नाही, तो वेळापत्रकाप्रमाणे येतो. त्या दिवशी चुकला समुद्र नव्हे, बाई चुकल्या होत्या. हे वाक्य मी त्याला बाराव्या वर्षी सांगायला हवं होतं. तो सत्तावन्न वर्षांचा होऊन भेटला तेव्हाही भाजीबाजारात माझ्या तोंडून ते निघालं नाही. "बरं, ये एकदा घरी" म्हणून मी निघाले.

दर उन्हाळ्यात, दर पावसाळ्यात पेपरात बातमी येते. सहलीला आलेली कॉलेजची मुलं, किनाऱ्याचं नाव फक्त बदलतं. बातमीखाली लिहिलेलं असतं, पाण्याचा अंदाज आला नाही. ते वाचलं की मी कालनिर्णय काढून त्या दिवशीची तिथी बघते. सवयच लागली आहे. कितीदा तरी हिशेब जुळतो.

असो.

काल लिस्ट पूर्ण केली तेव्हा भाची येणार त्या रविवारची तिथी पाहिली. शुद्ध अष्टमी. आठ पाऊण सहा. म्हणजे सकाळी सहाला भरती, दुपारी बाराला ओहोटी, आणि भांगाचं पाणी, त्यामुळे ओढ कमी. लहान मुलांना खडकांवर न्यायला याहून चांगला दिवस नाही. दहाला पोचायचं, डबक्यातले मासे बघायचे, आणि साडेबाराला, पाणी फिरलं की मुलांसकट आपणही फिरायचं. मग वेलंकणी, मग चौक. भाचीला हे सगळं लिहून पाठवलं. तिच्या बारा वर्षांच्या मुलाने लगेच फोनवर कुठल्याशा ॲपमध्ये भरतीची वेळ बघितली आणि मला कळवलं, "आजी, यू आर ऑलमोस्ट राइट." ऑलमोस्ट! घाटावरच्या बाईला एवढं सर्टिफिकेट पुष्कळ झालं.

आणि मग मी दुसरा फोन केला. एकोणतीस नंबरला. आधी ते वाक्य सांगितलं, जे सत्तेचाळीस वर्षं राहिलं होतं. चूक समुद्राची नव्हती, तुझी तर नव्हतीच, माझी होती, आणि गप्प बस म्हणाले ती त्याहून मोठी चूक. तू आता ज्याला हवं त्याला सांग, मी स्वतःच लिहून टाकते आहे. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग मी त्याला अष्टमीचा हिशेब सांगितला आणि विचारलं, नातवाला घेऊन येतोस का?

"बघतो बाई," म्हणाला. थोड्या वेळाने परत फोन आला. "बाई, दशमीला किती म्हणालात?"

मी म्हटलं, तूच सांग. दहा पाऊण?

तो मोजत होता. मी थांबले.